तुळशीच्या लग्नापर्यंत परसबाग आणि अंगण हिवाळ्यासाठी कसे तयार करावे

नाशिक जिल्ह्यात, त्यातही निफाड, दिंडोरी, सिन्नर या पट्ट्यात, घराभोवती थोडी मोकळी जागा असलेल्या माणसासाठी हिवाळा हा बागेचा सर्वांत चांगला हंगाम असतो. मेथी, कोथिंबीर, गाजर, वाटाणा, गुलाब आणि शेवंती यांना लागणाऱ्या थंड रात्री व कोरडे, स्वच्छ ऊन नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांतच मिळते. मात्र या चार महिन्यांत बाग काय देणार, हे त्याआधीच्या चार-पाच आठवड्यांत ठरते. परतीचा पाऊस थांबल्यापासून तुळशीचे लग्न लागेपर्यंतच्या या काळात माती अजून उबदार असते, तिच्यात पावसाची ओल असते आणि पेरलेले बी भराभर उगवून येते. हा काळ हातचा गेला आणि डिसेंबरात पेरणी केली, तर तेच बी थंड मातीत पडून राहते, उगवले तरी रोप खुरटते, आणि त्याला जोम येईपर्यंत शिमगा येऊन ठेपतो.

पुढे दिलेल्या वेळा नाशिकच्या हवामानाला धरून आहेत. पुणे, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर या भागांत त्या फारशा बदलत नाहीत. कोकणात आणि गोव्यात पाऊस रेंगाळतो व थंडी सौम्य असते, त्यामुळे तेथे हीच कामे दोन-तीन आठवडे पुढे सरकतात, आणि शेवटी दिलेला कडाक्याच्या थंडीचा भाग तेथील वाचकांनी सोडून दिला तरी चालेल.

आधी वाफसा, मग कुदळ

पावसाळ्याचे चार महिने जमिनीवर पाण्याचा सतत मारा होतो. मातीचे बारीक कण एकमेकांत दाटून बसतात, वर कडक पापुद्रा धरतो आणि पाण्यात विरघळणारी अन्नद्रव्ये, मुख्यतः नत्र, मुळांच्या आवाक्याबाहेर वाहून जातात. म्हणून माती मोकळी करणे आणि तिला खत देणे हे पहिले काम होय. परंतु पाऊस थांबला म्हणून दुसऱ्याच दिवशी कुदळ मारायला घेऊ नये. आमच्याकडच्या काळ्या मातीत ओलेपणी केलेल्या खोदाईची भरपाई त्या हंगामात होत नाही; उलटलेली ढेकळे ऊन लागताच विटेसारखी वाळतात, पुढे कितीही पाणी दिले तरी ती विरघळत नाहीत आणि गाजर-मुळ्यासारख्या जमिनीत पोसणाऱ्या भाज्यांना वाढायला जागा उरत नाही.

जमीन वाफशावर, म्हणजे फार ओली नाही आणि फार कोरडीही नाही अशा खोदण्याजोग्या स्थितीत, आली आहे की नाही, हे हातानेच पाहावे. वरची चार बोटे माती बाजूला सारून खालची मूठभर माती घ्यावी आणि ती घट्ट दाबून तिचा गोळा करावा. मूठ उघडल्यावर गोळ्यावर बोटांच्या खुणा चकाकत असतील आणि तळहाताला चिखल लागत असेल, तर जमीन अजून ओली आहे. गोळा कोरडा वाटला, तर तो कमरेच्या उंचीवरून जमिनीवर सोडावा. पडल्यावर तो चपटा होऊन तसाच राहिला तर आणखी दोन-तीन दिवस थांबावे. तीन-चार तुकडे होऊन त्यांचा भुगा झाला, तर जमीन वाफशावर आहे आणि त्याच दिवशी कामाला लागावे. मुठीत गोळाच होत नसेल, तर वेळ टळून गेली आहे असे समजून हलके पाणी द्यावे आणि पुन्हा वाफसा येऊ द्यावा. ऑक्टोबरच्या उन्हात वाफशाचे दिवस थोडेच मिळतात, त्यामुळे ही परीक्षा रोज सकाळी घेतलेली बरी.

वाफशाची वाट पाहण्याच्या दिवसांत तण काढून घ्यावे. ओल्या मातीतून ते मुळासकट निघते, आणि ऑक्टोबरात बहुतेक तण फुलावर आलेले असले तरी त्यांचे बी अजून गळालेले नसते. गाजरगवताच्या बाबतीत तर एक दिवसही दवडू नये. त्याचे एकच झाड हजारोंनी बी टाकते. शिवाय त्याच्या स्पर्शाने अनेकांच्या अंगावर पुरळ उठते आणि परागकणांनी दम लागतो, म्हणून ते हातमोजे घालून आणि तोंडाला फडके बांधूनच उपटावे. फुलावर न आलेले गाजरगवत खतखड्ड्यात टाकता येते. फुलावर आलेले मात्र खड्ड्यात टाकू नये, कारण बी पक्व झालेले असले तर ते खतातून पुन्हा बागभर पसरते. हराळी आणि लव्हाळा यांची गोष्ट वेगळी आहे. हराळीची मुळे कुदळीने तोडली की प्रत्येक तुकड्यातून नवे रोप उभे राहते, म्हणून ती मोकळ्या मातीतून हाताने, दोरी ओढावी तशी, अखंड ओढून काढावी. लव्हाळ्याच्या पात्याला धरून ओढल्यास पाते हातात येते आणि खालची काळपट गाठ जमिनीतच राहते. खुरप्याने वीतभर खोल जाऊन ती गाठ काढावी, आणि तिच्या बाजूने गेलेला धागा पुढच्या गाठीपर्यंत नेतो तो सोडू नये. हे काम कंटाळवाणे आहे. पण एक वाफा असा नीट निवडून काढला की पुढच्या चार महिन्यांची अर्धी खुरपणी वाचते.

खोदाईनंतर माती चार-सहा दिवस उन्हात तापू द्यावी आणि मग खत मिसळावे. दहा फूट लांब व चार फूट रुंद वाफ्याला दोन ते तीन घमेली शेणखत आणि अर्धा किलो निंबोळी पेंड पुरेशी होते. शेणखत पूर्ण कुजलेले असावे: हातात घेतल्यावर चहाच्या चोथ्यासारखे मोकळे लागावे, त्याला शेणाचा वास न येता पहिल्या पावसात मातीला येतो तसा वास यावा. अर्धवट कुजलेल्या खताबरोबर हुमणीच्या पांढऱ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या अळ्या बागेत येतात आणि रोपांची मुळे कुरतडतात. विकत आणलेले शेणखत एक दिवस ताडपत्रीवर पसरून ठेवावे. अळ्या दिसतात, आणि आपण वेचण्याआधी साळुंक्याच त्यांचा समाचार घेतात.

पावसाळ्यात पाणी साचू नये म्हणून केलेले गादीवाफे आता मोडून सपाट वाफे करावेत. हिवाळ्यात पाणी टिकवायचे असते, आणि उंच गादीवाफ्याच्या कडा कोरड्या वाऱ्याने लवकर वाळतात. कुंड्यांचेही तसेच आहे. वरची दोन इंच माती काढून तिच्या जागी माती व शेणखताचे समभाग मिश्रण भरावे, तळाचे छिद्र काडी घालून मोकळे करावे, आणि ज्या कुंडीतून मुळे छिद्रावाटे बाहेर आली आहेत ते रोप एक माप मोठ्या कुंडीत हलवावे.

अंगण आणि घराचा भोवताल

पावसाळ्यानंतर अंगणात जे साचून राहिलेले असते, ते थंडी पडण्याआधी काढून टाकले पाहिजे, आणि यात केवळ टापटिपीचा प्रश्न नाही. रिकाम्या कुंड्या, कुंड्यांखालच्या थाळ्या, जुने टायर, नारळाच्या करवंट्या, पन्हाळीत पाने अडकून तुंबलेले पाणी या सर्व ठिकाणी डेंग्यूचा डास अंडी घालतो, आणि अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातला एक दिवस ठरवून घराभोवतीचे साचलेले सर्व पाणी ओतून द्यावे, भांड्याची आतली बाजू घासून काढावी, कारण अंडी काठाला चिकटून राहतात, आणि भांडे पालथे घालावे. पन्हाळी शिडीवर चढून आताच साफ कराव्यात. नोव्हेंबरात अवकाळी पाऊस आला की तुंबलेली पन्हाळ भिंतीवर वाहते.

फरशीवर आणि पायवाटेवर धरलेले शेवाळ ताठ खराट्याने घासावे. ब्लीचिंग पावडर वापरायची झाल्यास धुतलेले पाणी वाफ्यांकडे जाणार नाही अशी वाट आधी करून घ्यावी. अंगणात पडलेले खड्डे मुरूम घालून चोपून घ्यावेत आणि उतार घरापासून दूर ठेवावा.

शंखी गोगलगाय ज्या बागेत आहे तेथे ऑक्टोबर हा तिच्यावर तुटून पडण्याचा महिना आहे, कारण हवा कोरडी झाली की ती मातीत किंवा भिंतीच्या फटीत शिरून तोंड मिटून घेते आणि थेट पुढच्या जूनमध्ये बाहेर येते. संध्याकाळी वाफ्याच्या कडेला ओले गोणपाट अंथरावे आणि त्याखाली पपईची किंवा कोबीची पाने ठेवावीत. पहाटे गोणपाट उचलल्यावर खाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून वेचाव्यात आणि मिठाच्या दाट पाण्यात टाकाव्यात. मीठ मात्र मातीवर कधीही टाकू नये. खोदाई करताना भिजवलेल्या साबुदाण्यासारखे, फिकट पिवळसर दाण्यांचे पुंजके सापडले तर ती तिचीच अंडी होत. ती चिरडून टाकावीत.

विटांचे, लाकडांचे आणि पाचोळ्याचे ढीग हलवताना सापांचे भान ठेवावे. थंडी वाढू लागली की साप उबेसाठी अशा ढिगांत बसतात आणि सकाळी उन्हाला बाहेर येतात. घोणस तर पाचोळ्यात अशी मिसळून जाते की हातभर अंतरावरूनही दिसत नाही. ढिगात थेट हात घालू नये. आधी लांब काठीने ढीग हलवावा, पायात बूट असावेत, आणि लाकडे पुन्हा रचताना जमिनीपासून फूटभर उंच, विटांच्या आधारावर रचावीत.

पाचोळा जाळू नये. डिसेंबरपासून पानगळ सुरू होते, तेव्हा त्या पानांसाठी तीन फूट लांब, तीन फूट रुंद आणि तीन फूट खोल खड्डा आताच खणून ठेवावा. सुक्या पानांचे तीन भाग आणि स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्याचा व हिरव्या पाल्याचा एक भाग असे थर देत जावे, प्रत्येक थरावर मूठभर शेणखत किंवा ताक मिसळलेले पाणी शिंपडावे आणि पंधरवड्याने वर-खाली करावे. थंडीत कुजण्याची क्रिया मंदावते, म्हणून खड्डा ऊन येणाऱ्या जागी असलेला चांगला. त्या पानांचे खत पुढच्या पावसाळ्याआधी हाती येते.

गुलाबाची छाटणी

ज्या आठवड्यांत नाशिकच्या द्राक्षबागांमध्ये फळछाटणी चाललेली असते, साधारण त्याच काळात घरचा गुलाबही छाटावा. परतीचा पाऊस पूर्ण थांबल्याची खात्री झाल्यावर, बहुतेक वर्षी १० ते २५ ऑक्टोबरच्या दरम्यान, हे काम केले तर पंचेचाळीस ते साठ दिवसांनी, म्हणजे डिसेंबरात, ऐन थंडीत, मोठी आणि टिकाऊ फुले येतात. पाऊस चालू असताना केलेली छाटणी अंगाशी येते, कारण ताज्या कापावर बुरशी बसून फांदी टोकापासून काळी पडत खाली वाळत जाते.

छाटणीआधी आठवडाभर पाणी कमी करावे. सिकेटरचे, म्हणजे छाटणीच्या कात्रीचे, पाते धारदार असावे आणि प्रत्येक झाडानंतर ते स्पिरिटच्या बोळ्याने पुसावे, म्हणजे एका झाडाचा रोग दुसऱ्याला लागत नाही. प्रथम वाळलेल्या, रोगट आणि आडव्या-तिडव्या, एकमेकींना घासणाऱ्या फांद्या बुडापासून काढाव्यात. त्यानंतर पेन्सिलीपेक्षा बारीक फांद्या काढाव्यात, कारण त्यांवर चांगले फूल धरत नाही. मग डोळा भरलेल्या, म्हणजे कलम केलेल्या, गाठीच्या खालून आलेला रानफुटवा शोधावा. त्याची वाढ जोमदार असते आणि नवख्या माणसाला तोच झाडाचा सर्वांत निरोगी फुटवा वाटतो, परंतु तो खुंटाचा, म्हणजे ज्यावर कलम केले त्या खालच्या झाडाचा, असतो आणि हळूहळू कलमाला मारून टाकतो. तो कापू नये, खालची माती उकरून मुळापासून ओढून काढावा. उरलेल्या चार-पाच दमदार फांद्या गुडघ्याएवढ्या उंचीवर छाटाव्यात. काप बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या पाव इंच वर आणि डोळ्यापासून दूर उतरता असा तिरपा द्यावा, म्हणजे पाणी डोळ्यावर न थांबता मागे ओघळते आणि नवी फांदी बाहेरच्या दिशेने वाढून झाडाच्या पोटात हवा खेळते.

कापलेल्या प्रत्येक टोकाला बोर्डो पेस्ट लावावी. घरच्या बागेसाठी १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट), १०० ग्रॅम कळीचा चुना आणि एक लिटर पाणी पुरते. प्लास्टिकच्या दोन वेगळ्या भांड्यांत अर्धा-अर्धा लिटर पाणी घेऊन एकात मोरचूद विरघळू द्यावे, दुसऱ्यात चुना विझवावा. चुना विझताना पाणी उकळून उडते, म्हणून तोंड दूर ठेवावे आणि तो पूर्ण थंड होऊ द्यावा. नंतर दोन्ही एकत्र करून ढवळावे. मिश्रण नीट झाले की नाही, हे पाहण्याची जुनी रीत आजही तितकीच उपयोगी आहे: लोखंडी विळ्याचे स्वच्छ पाते त्यात मिनिटभर बुडवून बाहेर काढावे. पात्यावर तांबूस लेप बसला तर मोरचूद शिल्लक आहे आणि झाडाला इजा होईल. तेव्हा चुन्याची आणखी निवळी घालावी आणि पाते कोरे येईपर्यंत पुन्हा पाहावे. ही पेस्ट त्याच दिवशी वापरावी. उरलेली आंबा, लिंबू, चिकू यांच्या बुंध्याला जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत ब्रशने लावावी.

नव्या कोवळ्या फुटीवर मावा आणि भुरी हटकून येतात. माव्यासाठी ५० ग्रॅम निंबोळ्या कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवाव्यात, सकाळी गाळून त्यात थोडे साबणाचे पाणी मिसळावे आणि हा अर्क संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने फवारावा. पानांवर पीठ भुरभुरल्यासारखी भुरी दिसल्यास पाण्यात मिसळणारे गंधक लिटरला दोन ग्रॅम या प्रमाणात वापरता येते. मात्र ऑक्टोबरच्या तापत्या दुपारी ते फवारल्यास पाने करपतात, आणि कडुनिंबाचे तेल फवारल्यानंतर दोन-तीन आठवडे ते वापरूच नये.

भाज्या: काय, केव्हा आणि कसे

वाफे तयार झाले की सर्व बी एकाच दिवशी टाकण्याचा मोह आवरावा. मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा यांचा एकेक लहान वाफा दर दहा दिवसांनी पेरला, तर घराला महाशिवरात्रीपर्यंत ताजी भाजी पुरते. एकदम पेरली, तर पंधरा दिवस ती खाऊन संपत नाही आणि पुढे काहीच उरत नाही.

मेथी चार-पाच दिवसांत उगवते आणि महिन्याभरात काढणीला येते. कोथिंबिरीचा धणा म्हणजे जोडलेली दोन बिया असल्याने तो तसाच पेरू नये. पोळपाटावर पसरून लाटणे हलके फिरवले की त्याच्या दोन फाकी होतात. त्या फाकी रात्रभर पाण्यात भिजवून पेराव्यात, तरीही उगवायला आठ ते बारा दिवस लागतात, तेव्हा बी वाया गेले असे समजून वाफा पुन्हा उकरू नये. गाजर रोप लावून होत नाही, ते जागेवरच पेरावे लागते, आणि त्याच्या वाफ्यात ताजे शेणखत घातले तर गाजराला दोन-तीन पाय फुटतात. गाजराचे बी बारीक असते. ते चार पट बारीक वाळूत मिसळून ओळीत सोडावे, अर्धा इंच मातीने झाकावे आणि अंकुर दिसेपर्यंत वर ओले गोणपाट ठेवावे. अंकुर दिसताच, त्याच संध्याकाळी, गोणपाट काढावे.

कोबी आणि फ्लॉवरची पंचवीस ते तीस दिवसांची रोपे दीड-दीड फुटावर लावावीत. फ्लॉवरचे रोप घेताना ते लवकर येणाऱ्या जातीचे आहे की थंडीत येणाऱ्या, हे रोपवाटिकेत विचारून घ्यावे, कारण लवकरच्या जातीचे रोप थंडीत लावल्यास झाड वाढण्याआधीच लिंबाएवढा गड्डा धरून बसते. लसणाच्या बाहेरच्या, भरलेल्या पाकळ्या टोक वर ठेवून चार-चार बोटांवर लावाव्यात. त्या नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत जमिनीत गेल्या पाहिजेत, म्हणजे मार्चमध्ये कांदी पोसून तयार होते. वाटाण्याचे वेल थंडी सहज सोसतात, परंतु फुले आणि कोवळ्या शेंगा कडाक्याच्या थंडीत गळतात. आमच्याकडे डिसेंबरअखेर आणि जानेवारीत पारा सर्वांत खाली जातो, म्हणून वाटाणा ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरून पहिला तोडा त्याआधी घेणे मला अधिक भरवशाचे वाटते.

थोड्या जागेत हरभरा अवश्य पेरावा, दाण्यासाठी नव्हे तर भाजीसाठी. रोप वीतभर झाले की शेंडे खुडावेत. खुडल्याने त्याला फुटवे येतात आणि दोन-तीन वेळा कोवळी भाजी मिळते. हरभऱ्याला फार पाणी देऊ नये. पहाटे त्याच्या पानांवर हात फिरवला तर बोटांना आंबट ओल लागते, ती आंब होय. पूर्वी घरोघरी पातळ फडके रात्री रोपांवर पसरून, सकाळी ते पिळून आंब गोळा करीत आणि पोटदुखीवर औषध म्हणून जपून ठेवीत.

जुन्या वेलींबाबत एक सूचना. पावसाळ्यात लावलेली वालाची किंवा पावट्याची वेल ऑक्टोबरात मांडवभर पसरलेली असते आणि तिला एकही फूल नसते, म्हणून साफसफाईत ती उपटून टाकली जाते. या वेलींच्या गावठी जातींना फुलायला लहान दिवस आणि मोठी रात्र लागते. दिवाळीनंतर त्या फुलावर येतात आणि संक्रांतीपर्यंत शेंगांनी लगडतात. त्यांना हात लावू नये. भोपळा, दोडका, कारले यांच्या पिवळ्या पडलेल्या वेली मात्र मुळासकट काढाव्यात.

शेवंती, तुळस आणि विश्रांती घेणारी झाडे

शेवंतीही याच स्वभावाची. रात्र मोठी होऊ लागली की ती कळ्या धरते, आणि त्या रात्रीत उजेडाचा व्यत्यय आलेला तिला चालत नाही. माझ्या अंगणात एका वर्षी फाटकाजवळच्या आठ कुंड्यांपैकी पाच डिसेंबरच्या सुरुवातीला फुलांनी भरल्या, आणि उरलेल्या तीन हिरव्यागार, उंच, पण फुलांवाचून उभ्या होत्या. माती एक, खत एक, पाणी एकाच हाताचे. पुष्कळ दिवसांनी रात्री बाहेर उभे राहून पाहिले तेव्हा लक्षात आले की फाटकावरचा, रात्रभर जळणारा दिवा बरोबर त्या तीन कुंड्यांवर पडत होता. कुंड्या भिंतीच्या आडोशाला हलवल्या आणि जानेवारीच्या अखेरीस त्यांनाही फुले आली. तेव्हा शेवंतीच्या कुंड्या सप्टेंबरपासूनच रस्त्याच्या आणि फाटकाच्या दिव्यापासून दूर ठेवाव्यात. शेंडे खुडणे आता पूर्ण थांबवावे आणि फुलांच्या भाराने झाड कोलमडू नये म्हणून प्रत्येक कुंडीत बांबूच्या दोन काड्या रोवून सैल सुतळीने आधार द्यावा.

तुळशीचे लग्न लागले की तुळशीचे कठीण दिवस सुरू होतात. थंडीने तिची पाने काळपट पडून गळतात. लग्नाआधी सर्व मंजिऱ्या खुडून त्यातले बी वाळवून ठेवावे, म्हणजे झाडाची शक्ती बी पोसण्यात जात नाही आणि झाड गेलेच तर रोपे करता येतात. वृंदावन हलवता येत नसेल, तर एखादी कुंडी तरी दक्षिणेकडच्या, दिवसभर ऊन खाणाऱ्या भिंतीशी ठेवावी; भिंत दिवसा तापते आणि रात्री ती ऊब झाडाला देते. पाणी रोज सवयीने ओतू नये; दोन पेरे बोट मातीत घालून कोरडे लागले तरच द्यावे.

पाण्याचा हा नियम देवचाफ्याला आणि अडेनियमला तर फारच कसोशीने पाळावा लागतो. देवचाफा थंडीत पाने गाळून नुसत्या जाड फांद्यांनिशी उभा राहतो. तो वाळला असे वाटून लोक त्याला दुप्पट पाणी घालतात आणि फांदी बुडापासून कुजते. त्याला फेब्रुवारीपर्यंत जवळजवळ कोरडे ठेवावे. कढीपत्त्याची वाढही थांबते, त्याला खत देऊ नये. हळद आणि आले यांची पाने पिवळी पडू लागणे हे कंद तयार होत असल्याचे लक्षण आहे. पाणी कमी करत न्यावे आणि पाला पूर्ण वाळल्यावर कंद काढावेत.

आंब्याच्या मोठ्या झाडाला नोव्हेंबरपासून मोहोर येऊन फळ वाटाण्याएवढे होईपर्यंत पाणी देऊ नये. कोरडी जमीन आणि गार रात्री यांनीच त्याला मोहोर फुटतो. या दिवसांत पाणी आणि नत्र दिले तर मोहोराऐवजी तांबूस पालवी येते. नव्याने लावलेल्या दोन-तीन वर्षांच्या कलमांना मात्र हा ताण देऊ नये. झाडांच्या मोडक्या, वाळक्या फांद्या काढण्यास हा काळ योग्य आहे. परंतु शहरांत झाड तोडण्यासाठी, ते आपल्या आवारातील असले तरी, १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते, म्हणून मोठ्या छाटणीआधी पालिकेच्या उद्यान विभागात चौकशी करावी.

कडाक्याच्या थंडीची तयारी

निफाडजवळच्या कुंदेवाडी येथील गहू संशोधन केंद्रात नोंदलेले तापमान दर हिवाळ्यात वृत्तपत्रांत छापून येते, आणि काही वर्षी ते पाच अंशांच्या खाली उतरते. अशी रात्र ओळखता येते: दिवसभर उत्तरेचा कोरडा वारा वाहून संध्याकाळी तो पूर्ण पडतो, आकाश निरभ्र असते आणि चांदणे लख्ख दिसते. ढग असले तर जमिनीची ऊब टिकते. निरभ्र, निवांत रात्री ती निघून जाते आणि जड, गार हवा बागेच्या सखल कोपऱ्यात साचते. म्हणून टोमॅटो, मिरची, वांगी, पपई, केळी, क्रोटन यांच्या कुंड्या आणि रोपे अशा सखल जागी ठेवू नयेत.

एरवी हिवाळ्यात पाणी सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान, मुळाशी द्यावे, म्हणजे संध्याकाळपर्यंत पाने कोरडी होतात आणि रोग कमी येतो. कडाक्याची थंडी पडणार असे दिसले, तर त्या दिवशी वाफ्यांना दुपारी उन्हातच पाणी द्यावे, कारण ओली माती दिवसाची ऊब कोरड्या मातीपेक्षा अधिक साठवते आणि रात्री सावकाश सोडते. वाफ्याच्या चार कोपऱ्यांना बांबू रोवून सूर्य मावळण्यापूर्वी त्यावर जुनी सुती साडी किंवा धोतर टाकावे आणि कडा जमिनीपर्यंत आणून दगडाने दाबाव्यात. प्लास्टिकचा कागद वापरायचा झाल्यास तो पानांना टेकू देऊ नये, कारण जेथे तो टेकतो तेथेच पान जळते. सकाळी ऊन अंगावर आले की आच्छादन काढावे. द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटवून धूर करतात ती रीत घराच्या दाट वस्तीत नको. साडीचे आच्छादन आणि मुळांवर चार बोटे जाडीचा पाचोळा एवढ्याने घरची बाग तगते.

एखाद्या सकाळी पाने उकडल्यासारखी काळपट दिसली तरी त्या दिवशी कात्री घेऊन कापायला बसू नये. जळालेली पाने आणि शेंडे खालच्या डोळ्यांवर पांघरुणाचे काम करतात, आणि लवकर केलेल्या छाटणीने फुटलेली कोवळी पालवी पुढच्या थंडीत पुन्हा जळते. फेब्रुवारीच्या मध्यानंतर नखाने साल किंचित खरवडून पाहावी. जेथपर्यंत हिरवी लागते तेथपर्यंत फांदी जिवंत आहे, आणि तेथूनच ती छाटावी.